खैरवाडी वगळून

२ जानेवारी १९७२

रोजनिशी कालच सुरू करायची होती. काल वर्कशॉपमध्ये एका ऑईल इंजिनाचे नोझल अडले आणि दिवस त्यातच गेला. एक तारखेला सुरू केलेल्या रोजनिश्या टिकत नाहीत असा माझा अनुभव आहे. तेव्हा दोन तारीख मुद्दाम निवडली असे धरावे.

संकल्प. रोज लिहायचे. मोजके लिहायचे. राहीबाईविषयी लिहायचे नाही.

नोंद पुरी असावी म्हणून फक्त एकदा. राहीबाई, माझी पत्नी, दिवाळीपासून देवळाली प्रवरेला आमच्या मुलीकडे, पुष्पीकडे राहते आहे. भांडण वगैरे काही नाही. जाताना म्हणाली, दिवसभर तुमच्या इंजिनाची धडधड, आन दिवेलागनीला ती काळी चिमनी, माझं कान बी गेलं आन डोळं बी. पुष्पीकडं लाईट हाय. मी विचारले, परत कधी? म्हणाली, वाडीत लाईट आली की बघू.

'बघू' म्हणजे येईन. इतक्या वर्षांच्या संसारात तिने 'बघू' म्हणून केली नाही अशी एकही गोष्ट मला आठवत नाही. दोन आठवतात. पण त्या किरकोळ होत्या.

६ जानेवारी

मध्ये लिहिणे झाले नाही. काम.

वाडीतल्या मच्छिंद्रचे विहिरीवरचे इंजिन काळा धूर सोडत होते. टॅपेटमधले अंतर तो पोस्टकार्ड घालून मोजतो. मी त्याच्यासमोर खिशातून फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पोलादी पट्ट्या, काढले. म्हणाला, नाना, पोस्टकार्डानं बी चालतंय की. मी म्हणालो, पोस्टकार्डाची जाडी सरकार बदलू शकते, गेजची नाही.  मग म्हणाला, लाईन आली की ही कटकटच मिटंल, बटान दाबलं की पानी.

या माणसाला मी आजवर दोनदा फुकट पिस्टनच्या रिंगा बसवून दिल्या आहेत.

१० जानेवारी, दुपार

राहात्याचे सहादेवशेठ स्वतः वर्कशॉपवर आले. तालुक्यात सर्वांत जास्त ऑईल इंजिने विकणारा माणूस. पण नोझल कुठल्या बाजूने उघडते हे विचारू नये. ते असो.

बातमी गंभीर आहे. विजेच्या लाईनची पाहणी झाली असून आपल्या बाजूच्या अकरा गावांना पुढल्या वर्षी खांब येणार. आपली खैरवाडी त्यात आहे. शेठ म्हणाले, नाना, लाईन आली की माझं दुकान बसलं आन तुमचं वर्कशॉप झोपलं.

उपाय त्यांनीच सांगितला. मार्चात विधानसभेची निवडणूक. आपल्या भागातून कारभारीअण्णा उभे आहेत. आपण इंजिनवाल्यांनी अण्णांना आत्ता हात दिला, तर निवडून आल्यावर अण्णा आपल्याला हात देतील. मी म्हणालो, नुसता हात नको, धोरण पाहिजे. शेठ म्हणाले, व्हय व्हय, धोरन तुमी बघा.

तिथेच 'तालुका ऑईल इंजिन विक्रेते व दुरुस्ती संघ' स्थापन झाला. अध्यक्ष शेठ, सचिव मी. सभासद मागाहून करू.

अडचण एकच. कंपन्यांनी राजकीय पक्षाला देणगी द्यायला कायद्याने बंदी आहे. हे मीच शेठच्या लक्षात आणून दिले. शेठ म्हणाले, आपन कुठं देनगी देतोय? आपन अण्णांची तुला करायची. लोक गुळानं करत्यात, पेढ्यानं करत्यात. आपन डिझेलनं करायची. तुला ह्यो सन्मान हाय. सन्मानाला बंदी न्हाई.

या माणसाला कधी कधी सुचते.

१४ जानेवारी, संक्रांत

शेजारच्या छबूबाई तीळगूळ देऊन गेल्या. म्हणाल्या, नाना, वयनी आली न्हाई व्हय सनाला? मी म्हणालो, तिकडे काम आहे. म्हणाल्या, लाईटीखाली बसायचं कसलं आलंय काम. आणि हसत गेल्या. या बाईला सगळीकडे तोंड घालायची सवय आहे. तीळगूळ चांगला होता.

आजपासून निवेदन लिहायला घेतले. शीर्षक: 'इंधनाचे धोरण: आधी डिझेल, मग वीज.' मुख्य मागणी अशी की आपल्या भागात विजेची लाईन पाच वर्षे थांबवावी. त्या पाच वर्षांत शेतकऱ्यांना इंजिनासाठी सरकारी कर्ज द्यावे, दुरुस्तीची केंद्रे काढावीत, आणि केंद्रांवर देखरेख करायला एक अनुभवी माणूस नेमावा. नाव सुचवलेले नाही. वाचणाऱ्याच्या लक्षात येईल.

राहीबाईचा यात तोटा नाही. पाच वर्षांत सरकारी नेमणूक झाली की क्वार्टर मिळते. क्वार्टरमध्ये लाईट असतेच.

२३ जानेवारी

निवेदन एकतीस पाने झाले. शेठ म्हणाले, एका पानात बसवा, अण्णांना टाईम नसतो. काटछाट करून छत्तीस झाले. काही मुद्दे राहून गेले होते.

डिझेल गोळा करणे चालू आहे. सायकलवरून विहिरीविहिरीवर जातो. प्रत्येक इंजिनवाल्याने एक डबा द्यायचा. मच्छिंद्रने विचारले, अण्णा लाईन आननार हायती म्हनून व्हय? मी म्हणालो, अण्णा ऊर्जेचा प्रश्न सोडवणार आहेत. यात खोटे काही नाही. मच्छिंद्रने दोन डबे दिले. त्याचे पाहून बाकी सगळ्या वाडीने दिले. छबूबाईंकडे इंजिन नाही, तरी त्यांनी कंदिलाचे रॉकेल बाटलीभर आणून दिले. रॉकेलची घनता वेगळी म्हणून परत केले. रागावल्या.

वाडीला निवेदनातला मजकूर सांगितलेला नाही. धोरण आधी लोकांना सांगायचे नसते. ते आधी ठरवायचे असते.

६ फेब्रुवारी

तुला पार पडली. सविस्तर लिहितो, कारण पुढे कोणी विचारेल.

गुळाच्या अडतीतला मोठा तराजू आणला होता. एका पारड्यात गादी, त्यावर अण्णा. दुसऱ्या पारड्यात डिझेलचे डबे. गर्दी चांगली. आता, डिझेल मोजताना डब्याचे वजन धरून चालत नाही. शेठचा माणूस म्हणाला, डब्याचं बी वजन वरनं मिळवा की, अण्णा जड दिसत्याल. मी परवानगी दिली नाही. जेवढे भरलेले डबे त्या बाजूला, तेवढेच रिकामे डबे अण्णांच्या बाजूला ठेवले, म्हणजे डब्याला डबा गेला आणि शुद्ध डिझेल उरले. याला टेअर म्हणतात, कोणत्याही कारखान्यात असेच करतात.

पारड्यात जागा कमी पडली. दोन डबे अण्णांच्या मांडीवर द्यावे लागले, एक त्यांनी बगलेत धरला. गळ्यात हार. अण्णा तोंड न हलवता म्हणाले, नाना, ह्ये डबं कशाला? मी म्हणालो, टेअर, अण्णा. म्हणाले, कोन ट्येर? इतक्यात फोटो निघाला.

आधीच्या सभेत गुळाने जी तुला झाली होती तिच्यापेक्षा अण्णांचे वजन साडेसात किलोने कमी भरले. मी लाऊडस्पीकरवरून खरा आकडा सांगितला आणि गुळाच्या वेळी पोत्यांचे वजन वरून मिळवले गेले असणार हेही सांगितले. लोक खूप हसले. वातावरण खेळीमेळीचे होते.

निवेदन अण्णांच्या हातात द्यायचे होते, पण हात डब्यांत होते. रिकाम्या डब्यात ठेवले.

१० फेब्रुवारी

अण्णांचा माणूस येऊन गेला. डिझेलचे काय करू म्हणून विचारत होता. मी म्हणालो, प्रचाराच्या जीपांत घाला.  म्हणाला, नाना, जीप पेट्रोलवर चालती.

जीप पेट्रोलवर चालते हे मला माहीत आहे. तिचे इंजिन मी उघडलेले आहे. तुलेच्या गडबडीत तो मुद्दा विचारात घेण्याचे कारण नव्हते.

मग म्हणालो, अण्णांच्या शेतावरच्या इंजिनाला वापरा. म्हणाला, अण्णांच्या मळ्यात कवाच मोटार हाय. विजेवर.

शेवटी शेठनी ते सगळे डिझेल उतरत्या भावाने विकत घेतले आणि रोकड अण्णांकडे पोचवली. म्हणजे देणगी झाली का? नाही. ही सन्मानाची विक्री.

२२ फेब्रुवारी

मोटार पंपवाल्यांनी राहात्यात अण्णांची तुला केली. तांब्याच्या तारेने. मोटारीच्या वाइंडिंगची तार. मी गेलो नव्हतो, मच्छिंद्र गेला होता. सांगत होता, नाना, तार अशी चकाकत हुती जशी सोन्याची. आन अण्णा खुशीत! हार काढीनात.

चौकशी केली. तारेच्या रिळांचे वजन वजा केलेले नाही. असल्या लोकांच्या हातात देशाची वीज जाणार.

अण्णांनी भाषणात सांगितले, घरोघरी दिवा, विहिरीविहिरीवर मोटार. निवडणुकीतली भाषा आहे. आतून माणूस आपला आहे. निवेदन अजून परत आलेले नाही, यावरून ते वाचत असावेत.

१४ मार्च

अण्णा निवडून आले. वाडीत मिरवणूक निघाली. मीही गुलाल लावून घेतला. आंघोळीनंतरही कानामागे राहिला होता, ते संध्याकाळी आरशात दिसले. एरवी राहीबाई सांगते.

(संकल्प क्रमांक तीन. ही शेवटची वेळ.)

२ एप्रिल

अण्णांना भेटलो. बाकावर बसलो होतो, माझ्या आधी तांब्याच्या तारेवाले आत गेले. त्यांना चहा झाला, मला पाणी. उन्हाळ्यात पाणीच चांगले.

अण्णा म्हणाले, या नाना, टेअरवाले. माझी ओळख त्यांनी पक्की ठेवली आहे. निवेदन त्यांच्या टेबलावरच होते. त्यावर चहाची कपबशी ठेवलेली होती, म्हणजे ते हाताशी ठेवलेले असते. मी म्हणालो, अण्णा, पाच वर्षे लाईन थांबली पाहिजे. अण्णांनी छताच्या पंख्याकडे पाहिले. म्हणाले, तुमची वाडी कंची? मी म्हणालो, खैरवाडी, पण हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्राचा आहे. अण्णांनी कागदावर काहीतरी लिहून घेतले. म्हणाले, तुमचं काम झालं समजा.

धोरण बदलायला इतका कमी वेळ लागतो हे मला ठाऊक नव्हते.

३० सप्टेंबर

बरेच दिवस लिहिले नाही. लिहिण्यासारखे घडले नाही म्हणून.

पाऊस नाही. विहिरी तळाला गेल्या. इंजिनांना उपसायला पाणी नाही, म्हणून बिघाड नाही, म्हणून काम नाही. अर्धी वाडी खडी फोडायला दुष्काळी कामावर जाते. मच्छिंद्रसुद्धा. त्याचे इंजिन पोत्याखाली झाकून ठेवले आहे. जाता येता मी उघडून पाहतो.

वर्कशॉपमध्ये इतकी शांतता पूर्वी कधी नव्हती. राहीबाईला हवी होती अगदी तशी. पोस्टकार्ड टाकले की धडधड पूर्ण बंद आहे, केव्हाही यावे.

११ ऑक्टोबर

उत्तर आले. पुष्पीच्या अक्षरात. आई बरी आहे. तुम्हीच इकडे या, दोन घास वेळेवर खाल, नातू विचारतो. राहीबाईचा निरोप शेवटच्या ओळीत: भाकरी येती का आता गोल?

जावयाच्या दारात राहणे मला शोभणार नाही. संघाचा सचिव आहे.

भाकरी गोल येते. कडेला थोडी फाटते.

७ एप्रिल १९७३

खांब आले! ट्रकमधून. मजूर खड्डे खणत आहेत. सगळी वाडी बघायला गेली होती. मीही गेलो. काळजी अशी नव्हती, पण पाहून यावे म्हणून गेलो.

२ मे

आज माझ्या आयुष्यातला मोठा दिवस आहे. लाईन ओढ्यापर्यंत आली आणि वळली. खैरवाडीच्या बाजूला न येता उजवीकडे, पुढच्या गावाकडे गेली. मच्छिंद्र लाईनवाल्यांशी भांडत होता. मुकादम म्हणाला, नकाशात असंच हाय, पाव्हनं. खैरवाडी वगळून.

मी तिथून निघालो.  घरी येऊन दार लावले आणि एकटाच हसलो. चौथी शिकलेल्या माणसाने लाईन वळवली. मुंबईत हे काम करायला लोक मोटारीतून फिरतात, मी सायकलवर केले.

हे कोणाला तरी सांगावेसे वाटले. रेडिओ लावला. सेल उतरले होते.

५ मे

थोडा विचार केल्यावर एक बारीक मुद्दा लक्षात आला. बाकी दहा गावांना लाईन गेली आहे. धोरण अकरा गावांसाठी मागितले होते. ही पहिली पायरी असावी.

राहात्याला जाऊन शेठना भेटलो. दुकानावर नवीन पाटी: 'मोटार पंप व स्टार्टर मिळतील.' इंजिने मागच्या अंगणात, उघड्यावर. मी म्हणालो, शेठ, हे काय? म्हणाले, धंदा हाय नाना. तार त्यांनी दिली, आपन डबं दिलं. मी म्हणालो, आपला संघ? म्हणाले, तुमीच चालवा, तुमाला आवड हाय. आणि मला स्टार्टरचे कॅटलॉग दिले. रंगीत आहे.

संघाचा अध्यक्षही आता मीच. कामे पटापट उरकतील.

८ जुलै

ओढ्यापलीकडच्या गावात लाईनचे उद्घाटन. अण्णा आले. आमची वाडी बैलगाड्या जुंपून गेली होती, आपली लाईन का राहिली हे विचारायला. पाऊस चांगला झाला आहे, विहिरी भरल्या आहेत, सगळ्यांना मोटार पाहिजे. मच्छिंद्रने सभेतच उठून विचारले, अण्णा, खैरवाडीनं काय घोडं मारलं?

अण्णांनी माईक जवळ घेतला. म्हणाले, मी शब्दाचा पक्का मानूस हाय. तुमच्यातल्याच एका जानकार मानसानं मला छत्तीस पानं लिहून दिली, की पाच वर्ष लाईन नको. नाना कुठं हायती? उभे ऱ्हावा नाना!

उभा राहिलो. माझे नाव अण्णांनी स्टेजवरून तीनदा घेतले. हार घातला. टाळ्या त्या गावाच्या लोकांनी वाजवल्या, पुष्कळ.

परतीला बैलगाडीत जागा नव्हती. जाताना होती. चालत आलो. हवा छान होती.

२० जुलै

मच्छिंद्रचे इंजिन सुरू होत नाही. माझ्या वर्कशॉपवरून त्याने ते बैलगाडीत घालून कोल्हारच्या फिटरकडे नेले. बैलगाडी जाताना मी दारात उभा होतो. सकाळी त्याने हँडल मारले त्या आवाजावरूनच सांगतो, बिघाड नोझलचा नाही, फ्युएल पंपाचा आहे. ओरडून सांगितले. त्याने बैलांना चाबूक मारला.

१२ ऑगस्ट

कोणी येत नाही. लोक रागावले आहेत हे समजू शकतो, दूरदृष्टीला वेळ लागतो. छबूबाई तेवढ्या येतात, शिव्या द्यायला. आज म्हणाल्या, नाना, माजं आयुष्य चिमनीत गेलं, मरताना तरी लाईट बघितली असती, मुडद्या. मग पदराखालून कोरड्यासाची, म्हणजे कालवणाची, वाटी काढून ठेवली. म्हणाल्या, खा. एवढं बारीक झालंय त्वांड.

२६ ऑगस्ट

अण्णांना भेटलो. म्हणालो, धोरणात थोडी दुरुस्ती करता येईल. परिस्थिती बदलली की धोरण बदलते, हे मोठ्या देशांतही होते. खैरवाडीपुरती लाईन घ्यायला माझी हरकत नाही.

अण्णा म्हणाले, नाना, लेखी दिलंय तुमी. छत्तीस पानं. आता मी शब्द मोडला तर लोक काय म्हनत्याल? मी म्हणालो, लोकांना तेच पाहिजे आहे. अण्णा म्हणाले, मग लोकांनी यावं. लोक माझ्यासोबत यायला तयार नाहीत हे मी त्यांना सांगितले नाही. ते म्हणाले, पाच वर्षांनी पुन्हा पाहणी होईल. तोवर तब्येतीला जपा.

पुन्हा पाणीच दिले. या खेपेला बाहेर पाऊस होता.

१४ ऑक्टोबर

संकल्प. राहीबाईला दिवाळीला आणायचे.

तिची अट लाईटची होती. लाईन असा शब्द तिने वापरलेला नाही, हे याच रोजनिशीत पहिल्या पानावर पडताळून पाहिले. लाईट मी स्वतः करू शकतो. श्रीरामपूरच्या एका तंबू-सिनेमावाल्याकडून जुना डायनामो घेतला. वाइंडिंग मीच दुरुस्त केले, शेठच्या कॅटलॉगमधल्या आकृतीवरून. इंजिन घरामागे, लांब, मातीच्या आडोशाला. धुराड्याचा पाईप खड्ड्यात पुरला आहे आणि वर पोती. घरात बसले तर धडधड ऐकू येत नाही. छातीवर हात ठेवला तर थोडी जाणवते.

२१ ऑक्टोबर, संध्याकाळ

लागला! साठचा बल्ब. सगळी खोली दिसते. भिंती बऱ्याच काळ्या आहेत.

छबूबाईंना बोलावून दाखवला. त्या दारातच उभ्या राहिल्या, तोंडाला पदर. मग म्हणाल्या, नाना, ह्याला धाप का लागलीय? बल्ब जरासा कमी-जास्त होतो हे खरे. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला उजेड एकदा फुगतो आणि बसतो. आवाज पुरला, पण ठोका दिव्यात आला. इंजिनाचे फिरते चाक, फ्लायव्हील, जड केले की जाईल. छबूबाई बराच वेळ बसल्या. म्हणाल्या, आसू दे, चांगला हाय. एकट्याला लई हाय.

राहीबाईला पोस्टकार्ड: घरात विजेचा दिवा लागला आहे. दिवाळीस यावे. मी एस.टी.वर असेन.

२८ ऑक्टोबर, भाऊबीज

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी एस.टी.वर गेलो. पाडव्याला गेलो. आज गेलो. दिवाळीत गाड्यांना गर्दी असते, उतरता आले नसेल.

भिंतींना चुना दिला आहे.

११ नोव्हेंबर

परदेशातले तेल अडले आहे, डिझेल महागणार म्हणतात. डिझेल जपून वापरावे लागेल. दिवा रोज लावत नाही. मी एकटा असताना लावण्याचे कारणही नाही.

ठरले. उद्या देवळालीला जाऊन तिला घेऊन येतो. पोस्टकार्ड मिळाले नसेल, टपाल हे असेच. सोबत एक बल्ब नेतो, दाखवायला. उद्या संध्याकाळी या घरात दोन माणसे असतील. कणीक आणून ठेवली.

१३ नोव्हेंबर, दुपार

काल दिवस मावळल्यावर देवळालीला पोचलो. पुष्पीच्या गल्लीत अंधार होता. सबंध गल्लीत. खांब होते, तारा होत्या.

ओट्यावर एक कंदील आणि भोवती पाच-सहा बाया, भुईमुगाच्या शेंगा फोडत. मधे राहीबाई. कोणाची तरी नक्कल करत होती, हात वर करून, आणि बाया हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. तीही हसत होती. मी आडोशाला थांबलो. तिला नक्कल करता येते हे मला ठाऊक नव्हते.

मग नातवाने पाहिले. आजोबा आलं.

राहीबाई उठली, पाणी दिले, शेंगा दिल्या. मी विचारले, लाईट कधी गेली? म्हणाली, रोजच जाती की. वीजकपात हाय. दोन-तीन म्हयने झालं, दिवस मावळला की अंधारच. मी म्हणालो, तू लाईटसाठी राहिली होतीस ना? तिने एक शेंग फोडली. मी बल्ब काढून दाखवला, डायनामो समजावून सांगितला, पाईप कसा पुरला ते, साठ वॅट म्हणजे किती ते. बाया एकेक करून उठून घरी गेल्या. ती ऐकत होती. मी म्हणालो, माझ्या घरी आता उजेड आहे, राही, आणि इथे अंधार. तर मग का येत नाहीस?

म्हणाली, हितं अंधारात बोलाया मानूस असतं वो.

मी म्हणालो, मी बोलतो की. आत्ताच किती वेळ बोललो.

म्हणाली, व्हय. जेवून घ्या.

ओट्यावर झोपलो. सकाळी तिने भाकरी बांधून दिली. एस.टी.पर्यंत आली. गाडी सुटताना काही म्हणाली, इंजिनाच्या आवाजात ऐकू आले नाही. खिडकीतून विचारले, काय? तिने हातानेच जा म्हटले.

दुपारी घरी पोचलो. छबूबाई दारात नव्हत्या, पुढच्या गावाला लाईट बघायला गेल्या आहेत म्हणे.

भाकरी खाल्ली. मागे जाऊन हँडल मारले, इंजिन सुरू केले. काम काही नव्हते.